घडीवरचं दुखणं

आमच्या मालकांना आजार दोनच ठाऊक आहेत, ताप आणि मरण. ताप असेल तर अंग गरम लागतं, आणि मरण असेल तर माणूस कामावर येत नाही. मी रोज येत होते आणि माझं अंग थंडगार होतं, तेव्हा त्यांच्या लेखी मला काहीच झालेलं नव्हतं. तरीही त्यांनी मोठ्या मनाने मुदत दिली. तीन महिन्यांत डॉक्टरांचं पत्र आणा, काय जमतं आणि काय जमत नाही ते त्यात स्वच्छ लिहिलेलं असू दे. नाहीतर कापायचं टेबल दुसऱ्याला, आणि तुम्ही पॅकिंगला.

पॅकिंग म्हणजे दुसऱ्याने कापलेले, तिसऱ्याने शिवलेले कोट पिशवीत कोंबायचे. कापायच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं उभी आहे. युनिफॉर्मचा कारखाना आमचा. हॉस्पिटलचे कोट, हॉटेलातल्या दारवानांचे अंगरखे, स्वयंपाक्यांचे झगे. कापायला मला कुणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवायचे, तुकडे जमिनीवर पसरायचे आणि बघत बसायचं, एवढीच माझी शाळा. बाई असून कारखान्यात सगळे मला मास्तर म्हणतात. माझ्या थोरल्या नणंदेने बत्तीस वर्षं खऱ्या शाळेत शिकवलं आणि तिला गल्लीत कुणी मास्तरीण म्हणत नाही. ही गोष्ट तिला जेवढी दुखते तेवढं दुसऱ्या कुणाचं काही दुखत नसेल, असं मला वाटायचं. मग माझं अंग दुखायला लागलं.

कसं दुखतं हे सांगण्याची सोय नाही. सकाळी उठलं की वाटतं, आदल्या दिवशी कुणीतरी आपल्याला मोगरीने धोपटून, पिळून, ओलंच अंथरुणावर टाकलंय. आज मानेत, उद्या मांडीत, परवा दोन्ही कोपरांत. भाडेकरू असता तर निदान एक पत्ता तरी नक्की असता. सात वर्षांत माझं रक्त काढलं, फोटो काढले, मला नळीत घालून खडखडवलं, आणि दर वेळी एकच शब्द हाती आला, नॉर्मल. तो शब्द ऐकला की वन्सं सगळ्या नातेवाइकांना फोन करायच्या. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांना तेवढंच काम होतं. रिपोर्ट नॉर्मल आला हो, असं त्या ज्या आवाजात सांगायच्या, त्या आवाजात लोक चोरी पकडल्याचं सांगतात.

आणि सल्ले. दुखणं तोंडातून निघायचा अवकाश, समोरच्याच्या तोंडाला सल्ल्याची गळती लागते. एकाने गादी बदलायला सांगितली, एकीने नवरा सोडून बाकी सगळं बदलायला सांगितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या की मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलंच नव्हतं, खांद्यावर घेतलं होतं. पण शेजाऱ्यांशी वाद घालायला मान वळवावी लागते.

शेवटी एका डॉक्टरांनी मला मोठ्या हॉस्पिटलातल्या दुखण्याच्या विभागात पाठवलं. तो तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच जाते. ज्याला ही कल्पना सुचली त्याचं कधी काही दुखलं नसावं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या अंगावर ठिकठिकाणी अंगठा दाबला, अर्धा तास प्रश्न विचारले, आणि आजाराला नाव दिलं. फायब्रोमायाल्जिया. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि मालकांना दाखवलं. ते म्हणाले, फायबर ना, ते पडद्याच्या कापडात असतं.

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत माझं लक्ष डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या कोटावर होतं. डावा खांदा बोटभर खाली उतरलेला. हॉस्पिटल आमचंच गिऱ्हाईक, आणि तो खांदा माझ्याच हातचा होता, दोन वर्षांपूर्वीचा, हात छातीच्या वर जात नव्हता तेव्हाचा. सगळ्या जगाने माझं दुखणं खोटं ठरवलं होतं आणि त्याचा पुरावा हा माणूस अंगात घालून फिरत होता.

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत समजून घेतलं. शिलाई मशीनवर धाग्याच्या ताणाचा एक स्क्रू असतो. तो जास्त आवळला गेला की कापड चांगलं, धागा चांगला, सुई नवी, तरी शिवण चुणते. कापड कितीही तपासा, दोष सापडणार नाही. माझ्या अंगातला तो स्क्रू आवळला गेला होता. एका फटक्यात सैल करायचा उपाय नाही, थोडा गोळीने, थोडा चालण्याने, थोडा झोपेने. एवढं कळायला सात वर्षं लागली म्हणजे माझ्या आधीच्या सगळ्या डॉक्टरांनी घरात मशीन ठेवायला हवी होती.

इथवर ठीक होतं. पण पुढे ते म्हणाले की तुमची काळजी आमची टीम घेईल. एक दुखणं आणि त्याला चार माणसं. डॉक्टर स्वतः. व्यायामवाली, ही पंचविशीची, पायात धावायचे बूट. बोलणारी बाई, म्हणजे खरं तर ती बोलतच नाही, आपल्याला बोलायला लावते आणि मान हलवते. आणि गोळ्यांचा माणूस, जो कुठली गोळी किती वाजता घ्यायची एवढंच बघतो. घरी सांगितलं तर वन्सं म्हणाल्या, चार जण तर माणूस गेल्यावर लागतात.

रात्रीची एक छोटी गोळी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर वन्संनी भिंग लावून तिचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. नैराश्यासाठी, असं छापलेलं होतं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की मोठ्या डोसात ती त्यासाठी देतात आणि लहान डोसात ती नसांचं दुखणं कमी करते, पण वन्संना माझ्यापेक्षा छापील कागदावर विश्वास जास्त. अगं म्हणजे ही डोक्याची गोळी, असं त्या म्हणाल्या, आणि लगेच फोनकडे पाहिलं.

आमचे हे बोलत नाहीत. लायब्ररीत नोकरी करून करून त्यांना तशी सवय झाली आहे. त्यांनी वन्संच्या हातून कागद घेतला, चष्मा लावला, पुढची बाजू वाचली, मागची वाचली.

"यात मळमळसुद्धा लिहिली आहे," ते म्हणाले. "मग ही मळमळीची गोळी का गं ताई?"

त्या दिवसापासून संध्याकाळी सातला गोळी आणि पाण्याचा पेला माझ्यासमोर यायला लागला.

व्यायामवालीचा प्रकार मात्र अपमानाचा होता. मी सव्वीस वर्षं दिवसाला नऊ तास उभी राहिलेली बाई, आणि ती म्हणाली रोज पाच मिनिटं चाला. पाच. मग भिंतीला हात लावून उभं राहा. मग खुर्चीवरून उठा आणि बसा. माझा शेजारी नव्वद वर्षांचा आहे, तो याहून जास्त करतो. पण केलं. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःचे केस स्वतः विंचरले, दोन्ही बाजूंनी, आणि कुणाला सांगितलं नाही. मग एका बऱ्या दिवशी मला जोर आला, मी सवाशे कोट एका दिवसात कापले आणि पुढचे तीन दिवस छताकडे बघत काढले. व्यायामवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ऊर्जेचं नियोजन करायला हवं. असलं बोलतात म्हणून यांचं कुणी ऐकत नाही. शिवणीच्या आत आपण दोन बोटं जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढे अंग सुटलं, कापड आटलं, तर उसवून वाढवायला. दिवसाला थोडी माया सोडा बाई, एवढं ती म्हणाली असती तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी तिला तसं सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं, एवढं एक तिचं बरं होतं.

आता डायरीचं. चौघांनी मिळून मला एक छापील तक्ता दिला होता. रोज दुखणं किती, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आणि आदल्या रात्री झोप किती तास. तीन महिन्यांचा तक्ता बघून सगळे एकत्र बसणार आणि मालकांसाठीचं पत्र ठरवणार. म्हणजे माझं टेबल त्या आकड्यांवर होतं.

तो तक्ता एप्रनच्या खिशात चुरगळायचा. म्हणून मी माझ्या मापाच्या वहीत, मागच्या पानांवर, आकडे लिहायला लागले. संध्याकाळी शेवटचं माप टिपलं की वही उलटी करायची, कानामागची पेन्सिल तशीच हातात, आणि दुखणं टिपायचं. वही रोज पिशवीतून घरी यायची, आणि हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी आकडे तक्त्यावर उतरवायचे. दुखणं चार. झोप अडीच. दुखणं साडेतीन. झोप तीन. नीटनेटकं काम. माझं अक्षर चांगलं आहे.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी तक्ता वाचला. एकदा कागद हातात आला की डॉक्टर लोक विचारत नाहीत, वाचतात. दुखणं आटोक्यात येतंय, पण झोप फार कमी आहे, असं म्हणून त्यांनी रात्रीची गोळी वाढवली. गोळ्यांच्या माणसाने भुवया वर केल्या, पण त्याच्या भुवया नेहमीच वर असतात. वाढवलेल्या गोळीने मी सकाळी उठेना. उठले तरी खळीत बुडवून काढल्यासारखी चालायची. त्याच आठवड्यात मी चाळीस कोटांच्या बाह्या कापल्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालकांनी दोन बाह्या उचलून सगळ्या कारखान्याला दाखवल्या.

"आता दोन्ही हात डावे असलेले डॉक्टर शोधून आणा, मास्तर," ते म्हणाले.

बायका हसल्या. हसणं काही वाईट नव्हतं, मीही दुसऱ्या कुणाला हसले असते. पण मालकांनी पॅकिंगच्या टेबलाशी माझ्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली, आणि ती रोज जाता-येता दिसायची.

तिसऱ्या भेटीत डॉक्टर खूश होते. तीन महिन्यांची सरासरी दहापैकी साडेतीन. अशी प्रगती फार थोड्यांची होते म्हणाले. पत्राचा कच्चा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. रुग्ण पूर्णवेळ काम करण्यास सक्षम असून कामात कोणत्याही बदलाची आवश्यकता नाही.

मी गप्प बसले. आता कुणी विचारेल, बाई, तू का नाही बोललीस. सात वर्षं पांढऱ्या कोटातली माणसं सांगत होती की तुला काही नाही, आणि मी खुर्चीतून उठून आभार मानून घरी येत होते. ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. मला फक्त एवढं वाटलं की हे जर साडेतीन असेल, तर सात असलेली माणसं जगतात कशी. आणि थोडी लाजही वाटली, साडेतीनचा एवढा बाऊ केल्याची. घरी वन्संनी मसुदा वाचला, दोनदा वाचला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मायेचा तो पहिला स्पर्श. मी म्हणतच होते, असं त्या म्हणाल्या.

अडली ती व्यायामवाली. तिने डॉक्टरांना सांगितलं की साडेतीनवाली बाई लिफ्टनंतरचा एक जिना चढायला चार मिनिटं लावत नाही. हात कानापर्यंत नेताना या बाईंचा श्वास अडतो, मी मोजलंय. अंतिम बैठकीआधी मी यांचं टेबल बघून येते. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि हो म्हटलं.

ती आली तेव्हा मालकांनी तिला स्वतः खुर्ची पुसून दिली. हॉस्पिटलचे कोट जिथे जातात तिथली ती मुलगी. माझ्यासाठी सव्वीस वर्षांत त्यांनी कधी खुर्ची पुसली नव्हती, आणली होती ती फक्त पॅकिंगशी. ती खुर्चीवर बसलीच नाही. टेप काढली, टेबलाची उंची मोजली, माझ्या कोपराची उंची मोजली, कातर हातात तोलून बघितली. कापायची विजेची मशीन चालू करायला लावली आणि माझ्या दंडावर तळवा ठेवून ती थरथर कुठपर्यंत जाते ते बघितलं. मग टेबलावरची माझी मापाची वही उघडली.

"छाती बावीस, कंबर एकवीस," तिने वाचलं. "कुठल्या मुलाचा कोट आहे हा?"

मला हसू आलं. म्हटलं, मूल कसलं, हॉटेलचा दारवान आहे तो, दरवाजाएवढा. छाती चव्वेचाळीस. कापड दुहेरी घडी घालून कापतात ना, एक बाजू कापली की दोन्ही होतात. म्हणून वहीत निम्मंच माप लिहायचं. बावीस लिहिलं की बावीसवर खडू मारायचा, उलगडलं की चव्वेचाळीस. पूर्ण माप लिहिणारा मास्तर कच्चा. मी तर आता बाजारातल्या पिशव्याही निम्म्याने मोजते, असं विनोदाने म्हणाले.

ती हसली नाही. तिने वही उलटी केली. मागच्या पानावर आदल्या संध्याकाळचा आकडा होता. दुखणं चार, झोप अडीच. पेन्सिल तीच, अक्षर तेच.

"मास्तर," ती म्हणाली. माझ्या तोंडावर तिने पहिल्यांदाच तसं म्हटलं. "हे चार घडीवरचं, की उलगडून?"

शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांसमोर आदली संध्याकाळ आणली. टेबलाच्या कडेला दोन्ही कोपरं टेकून उभी होते. मनात आलं होतं, आज आठ. आठ आलं होतं मनात, स्पष्ट. आणि हाताने चार लिहिलं होतं.

अडीच तास झोप मी कधीच झोपले नव्हते. पाच झोपत होते, तुकड्यातुकड्याने का होईना. ज्या झोपेसाठी डॉक्टरांनी गोळी वाढवली, ती झोप अर्धी माझ्या पेन्सिलीने खाल्ली होती. आणि ऐंशी डाव्या बाह्या त्यातून आल्या होत्या. सात वर्षं लोकांनी माझं दुखणं शून्य धरलं म्हणून मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि जेव्हा चार शहाणी माणसं पहिल्यांदा खरा आकडा मागत होती, तेव्हा मी तो स्वतःच्या हाताने कापून अर्धा दिला. हसण्यासारखं कुणी असेल तर मीच.

व्यायामवाली म्हणाली की बैठकीत हे सगळं तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं. मी नाही सांगणार.

बैठकीला चौघे होते, आमचे हे होते, आणि कुणी न बोलावता वन्सं होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी सांगितलं. घडी सांगितली, निम्मं माप सांगितलं, तक्ता टेबलावर ठेवला. ऐकायला किती खुळं वाटतं ते सांगताना कळत होतं. डॉक्टरांच्या हातात पेन होतं आणि मसुदा समोर होता, फक्त सही राहिली होती.

वन्सं बोलल्याच. "बत्तीस वर्षं मी पेपर तपासले. मार्क वाढवायला मुलं अशीच खाडाखोड करतात. आता तीन महिन्यांनी म्हणे सगळं दुप्पट."

वाईट गोष्ट अशी की त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जी बाई तीन महिने चुकीचं लिहिते, तिचं आज का खरं मानायचं. हीच खोली होती, हेच टेबल होतं, इथून बाहेर पडल्यावर एकतर माझी कातर माझी राहणार होती किंवा मी पिशव्या भरणार होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तक्ता बाजूला सरकवला, आणि पहिल्या भेटीनंतर प्रथमच न वाचता माझ्याकडे बघितलं.

"आत्ता किती आहे?"

साधा प्रश्न. पण घरात, कारखान्यात, शेजारी, कुणालाही मी कधी आकडा सांगितला नव्हता. बरी आहे, चाललंय, होईल, असलं सांगत आले होते.

"आठ," मी म्हणाले. "रोज सात-आठ. गोळ्यांच्या आधी नऊ होतं."

आमचे हे माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी सत्तावीस वर्षं बघते आहे, आणि तसा कधी बघितला नव्हता.

"मी रोज तुझी वही बघत होतो," ते हळू म्हणाले. "तू झोपलीस की. चार दिसलं की मी निश्चिंत व्हायचो."

वन्संनी पर्सची चेन उघडली आणि लावली.

मग टीमने जे केलं त्यासाठी मी त्यांना थोडे मार्क देते. गोळ्यांच्या माणसाने त्याची नोंद काढली; गोळी वाढवल्यापासून ही बाई सकाळी अडखळते असं त्याने लिहिलं होतं, आणि पाच तास झोपणाऱ्या माणसाला एवढी मात्रा दिली तर असंच होतं. व्यायामवालीने जिन्याची मिनिटं आणि हाताची उंची सांगितली. ती सात-आठशी जुळत होती, साडेतीनशी कधीच जुळली नव्हती. बोलणाऱ्या बाईला तर यात सोन्याची खाणच सापडली. तुम्ही आयुष्यात आणखी काय काय अर्धं सांगता, असं तिने मान हलवत विचारलं. मी म्हटलं, बाई, हाताची सवय आहे ती, तिला तत्त्वज्ञान नका चिकटवू. त्यावर तिने नुसती यांच्याकडे नजर टाकली.

डॉक्टर म्हणाले, चूक त्यांचीही आहे, त्यांनी वाचलं आणि विचारलं नाही. हे वाक्य कुठल्याही डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी सात वर्षं थांबले होते. ऐकून काही अंगावर मूठभर मांस चढलं नाही, पण मसुदा त्यांनी माझ्यासमोर फाडला, ते बरं वाटलं. रात्रीची गोळी पुन्हा पहिल्याएवढी केली, हळूहळू उतरवत, एकदम नाही. सकाळी दुसरी एक कॅप्सूल सुरू केली आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलं. आणि आकडे तोंडी सांगायचे, असं ठरलं. नवं पत्र चौघांनी मिळून लिहिलं. दिवसाला सहा तास कापणं. दर पाऊण तासाने दहा मिनिटं बसून विश्रांती. टेबल चार इंच वर. विजेची मशीन दुसऱ्याने चालवावी. जादा वेळ काम नाही. खाली चार सह्या.

जिन्यात वन्सं पुढे होत्या. दुसऱ्या मजल्यावर त्या लिफ्टसमोर थांबल्या, बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आठ म्हणजे फारच होतं की गं. मी हो म्हटलं. घरी गेल्यावर त्यांनी एकही फोन केला नाही. माफी वगैरे नाही, पण त्यांनी न केलेला फोन ही काही थोडकी गोष्ट नव्हती.

मालकांनी पत्र उभ्याने वाचलं. चार इंच या शब्दापाशी ते थांबले, आणि सहा तास या शब्दापाशी त्यांना घाम फुटला. पॅकिंगच्या खुर्चीकडे त्यांनी एकदा बघितलं. मग पत्राच्या वरचं नाव वाचलं, म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं नाव, आणि खालच्या चारही सह्या बोट ठेवून मोजल्या. त्यांच्या मनात जे झालं त्याला दया म्हणत नाहीत. पण टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, आणि कापायच्या मशीनवर दुसऱ्या कारागिराला लावलं.

सोमवारी मी पुन्हा कापायला उभी राहिले. कातर कोपराच्या पातळीवर आली तेव्हा वाटलं, सव्वीस वर्षं मी वाकून कुणाला नमस्कार करत होते कोण जाणे. दुखणं सहावर होतं. पाऊण तास झाला. कातर खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

यापेक्षा अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पंधरा मशिनी चालू, पंधरा बायका वाकलेल्या, आणि मास्तर मधोमध बसलेली, काही न करता. हात कुठे ठेवावे ते कळेना. एकीने मान वर करून बघितलं, मग दुसरीने. मालक केबिनमधून बाहेर आले, टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"झोप लागली का, मास्तर?"

"नाही," मी म्हणाले. "दहा मिनिटं लिहिली आहेत. सहा झाली."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. जातील असं वाटलं, पण गेले नाहीत. मी पाय लांब केले. उरलेली चार मिनिटं आम्ही दोघांनी मिळून काढली, त्यांनी उभ्याने आणि मी बसून.